दोन इंजिनें पुरेत काय?

बालाघाटाच्या चढणीवर जोडींतला एक बैल बसला म्हणजे गाडी तेथेंच उभी राहते, हें बीड जिल्ह्यांतल्या मुलांना सांगावयास नको. म्हणून, उतारूंच्या विमानाला दोन इंजिनें असावींत कीं तीन, असा प्रश्न वर्गांत निघाला तेव्हां बहुतेकांनीं तिहींच्या बाजूनें कौल दिला, यांत नवल नाहीं. आमचें मत उलट आहे, आणि तें पटवून देण्यास आम्हांला एका जुन्या विमानाची हकीकत सांगितली पाहिजे.

१९३१ सालच्या ३१ मार्च रोजीं अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत तीन इंजिनांचें एक फॉकर विमान कोसळून आठही माणसें दगावलीं. इंजिनें तीन होतीं. पण पंख लांकडी होता, आणि ओलाव्यानें त्याचे सांधे कमजोर झाले होते. लोकांचा विश्वास उडाला. विमान ज्या कंपनीचें होतें तिला नवीं धातूचीं विमानें हवीं होतीं. बोइंगचें दोन इंजिनांचें दहा उतारूंचें विमान तयार होत होतें, परंतु पहिलीं साठ विमानें दुसऱ्या कंपनीसाठीं राखलेलीं! तेव्हां या कंपनीचे जॅक फ्राय यांनीं २ ऑगस्ट १९३२ रोजीं कारखानदारांना पत्र लिहिलें : निदान बारा उतारूंचें, तीन इंजिनांचें, सर्व धातूचें विमान कोणी करून देईल काय? पुढें बोलण्यांत एक कठीण अट पडली. कंपनीच्या कोणत्याही विमानतळावरून उड्डाण करतांना एक इंजिन बंद पडलें, तरी विमान वर चढलें पाहिजे.

डग्लस कंपनीनें तीन इंजिनें देण्याचें नाकारलें. नाकाडावरचें इंजिन गेलें म्हणजे उतारूंच्या कानांचा त्रास कमी होतो, वाऱ्याचा अडथळा कमी होतो. आणि इंजिनें जितकीं अधिक, तितके बिघाडाचे प्रसंगही अधिक. दोनच, पण प्रत्येक एकट्यानें भार ओढील असें, हा त्यांचा हिशेब.

१ जुलै १९३३ रोजीं 'डीसी-१' प्रथम उडालें, आणि चढूं लागतांच इंजिनें आचके देऊं लागलीं! वैमानिक कार्ल कव्हर यांनीं नाक खालीं केलें कीं इंजिनें चालत, वर केलें कीं बंद पडत. कसेंबसें विमान उतरल्यावर कळलें कीं कार्ब्युरेटरांतले तरंगते गोळे उलटे बसविले होते. एवढ्याशा चुकीनें सारें बुडालें असतें. पुढें सप्टेंबरांत खरी परीक्षा झाली. समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार मीटर उंचीच्या विन्स्लो गांवाहून निघतांना एक इंजिन बंद केलें, आणि उरलेल्या एकावर विमान डोंगर ओलांडून अल्बुकर्क येथें पोंचलें.

डीसी-१ एकच बनलें. परंतु त्याच्याच वंशांतलें एकवीस उतारूंचें डीसी-३ हें १७ डिसेंबर १९३५ रोजीं उडालें, आणि महायुद्धांत 'डकोटा' या नांवानें जगभर गेलें. बीड जिल्हा निजामच्या राज्यांत असतांना, १९४५ सालीं निघालेल्या डेक्कन एअरवेजनें हैदराबादच्या बेगमपेठेहून हींच विमानें चालविलीं. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही दिशांचीं टपालाचीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास भेटून पिशव्यांची अदलाबदल करीत.

कारागिरांची स्तुति सर्वच करतात. आम्ही अट घालणाऱ्यालाही तितकेंच श्रेय देतों. ती अट नसती, तर सुंदर विमान झालें असतें. एका इंजिनावर डोंगर ओलांडणारें झालें असतें असें नाहीं.

आतां थोडें घरचें. दिवाळीनंतर जिल्ह्यांतलीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. भांडीं, लेंकरें, म्हातारीं माणसें एकाच ट्रॉलींत, आणि ट्रॅक्टर घाटांतून उतरतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक आहे काय, रात्रीं मागें दिवा लागतो काय, हें निघण्यापूर्वीं कोण पाहतो? उचल घेतांना मुकादमाशीं पैशाची बोली होतेच. पालकांनीं त्याच बैठकींत हेही दोन प्रश्न विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत मुलांना ट्रॉलींत बसवूं नये.