किताबांना कात्री लावू नका

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकाच्या दुसऱ्या अंकात जेमतेम मिनिटभराचा एक प्रसंग आहे. हद्दपार झालेला हेन्री बोलिंगब्रोक शिक्षेची मुदत संपण्याआधीच इंग्लंडात उतरला आहे. ग्लॉस्टरशायरच्या वाटेवर लॉर्ड बर्कली त्याला गाठतो. राजाच्या गैरहजेरीत कारभार पाहणाऱ्या ड्यूक ऑफ यॉर्कचा निरोप त्याच्याकडे आहे. बर्कली त्याला हेरफर्डचे सरदार म्हणून हाक मारतो आणि बोलिंगब्रोक निरोप ऐकायलाच नकार देतो. वडील जॉन ऑफ गाँट वारले, म्हणजे आता लँकेस्टरचा ड्यूक तो. तेच नाव मिळवायला तो आला आहे, आणि ते बर्कलीच्या तोंडून ऐकू येईपर्यंत उत्तर मिळणार नाही. बर्कली मुरलेला दरबारी. तुमच्या मानातलं काहीही खोडायचं नाही, तुम्ही म्हणाल त्या सरदाराकडे आलो आहे, असं सांगून तो पेच टाळतो.

संहिता आखडायला बसलेल्या दिग्दर्शकाला असे संवाद सहज गाळण्याजोगे वाटतात. कोण कुठला ड्यूक, कोणाचा कोण अर्ल, यात आजच्या प्रेक्षकाला काय रस, असा विचार त्यामागे असतो. तो विचार चुकीचा आहे. एलिझाबेथकालीन नाटकात किताब म्हणजे पात्राच्या नावामागे लावलेली शोभेची झालर नव्हे. किताब हा दावा असतो. तो मांडावा लागतो, दुसऱ्याने मानावा लागतो, आणि मानला नाही तर तलवारी उपसल्या जातात. त्या काळातल्या कित्येक नाटकांचा संघर्ष या मानण्या-न मानण्यातच आहे.

बोलिंगब्रोकचाच दावा पाहावा. रिचर्ड राजाने आयर्लंडच्या स्वारीच्या खर्चासाठी गाँटची सगळी मालमत्ता जप्त केली. त्याच वेळी यॉर्कने पुतण्याला, म्हणजे राजाला, बजावलं होतं की मुलाला बापाचा वारसा नाकारलास तर तू स्वतः कोणत्या हक्काने गादीवर बसला आहेस? राजाचं राजेपणही वारशानेच आलेलं. एका सरदाराचं वतन हिरावताना त्याने आपल्याच गादीखालचा दगड काढला. पुढचं सगळं नाटक या एका युक्तिवादातून उलगडतं.

तिसऱ्या अंकात हीच गोष्ट आणखी टोकदार होते. सरदार नॉर्दम्बरलंड बोलता बोलता नुसतं ‘रिचर्ड’ म्हणतो. यॉर्क त्याला तिथल्या तिथे अडवतो, कारण ‘राजा रिचर्ड’ म्हणायला हवं होतं. नॉर्दम्बरलंडची सबब अशी की थोडक्यात बोलायचं म्हणून किताब गाळला. यॉर्क उत्तरतो की एक काळ असा होता, तेव्हा अशी काटछाट केली असतीस तर राजाने तुझ्या डोक्याएवढी काटछाट केली असती. राज्य अजून गेलेलं नाही, मुकुट अजून रिचर्डच्या डोक्यावर आहे, पण एका सरदाराच्या जिभेवरून ‘राजा’ हा शब्द उतरला आहे. सत्तांतराची पहिली खूण म्हणून शेक्सपिअरने रणांगण निवडलं नाही, हा गाळलेला शब्द निवडला.

प्रत्यक्ष राजवटीलाही या नाटकाची धग जाणवत होती. एलिझाबेथच्या हयातीत ‘रिचर्ड दुसरा’ 1597 आणि 1598 मध्ये छापलं गेलं, पण राजाने मुकुट उतरवून देण्याचा प्रवेश त्या आवृत्त्यांत नाही. तो छापून आला 1608 मध्ये, राणी जाऊन पाच वर्षं झाल्यावर. दरम्यान 7 फेब्रुवारी 1601 रोजी अर्ल ऑफ एसेक्सच्या समर्थकांनी नेहमीच्या उत्पन्नावर 40 शिलिंग जास्त देऊन लॉर्ड चेंबरलेनच्या, म्हणजे शेक्सपिअरच्याच, नाटकमंडळीकडून रिचर्डच्या पदच्युतीचं नाटक करवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी एसेक्सने लंडनमध्ये बंड केलं आणि ते काही तासांत फसलं. मंडळीतला नट ऑगस्टिन फिलिप्स याला जबाब द्यावा लागला. मंडळी सुटली. 25 फेब्रुवारीला एसेक्सचा शिरच्छेद झाला आणि आदल्याच रात्री याच मंडळीने राणीपुढे प्रयोग केला होता.

गादीच्या वारशाबद्दल उघड बोलणं त्या काळात जिवावरचं काम होतं. राणी अविवाहित होती आणि तिने वारस जाहीर केला नव्हता. पार्लमेंटचा सदस्य पीटर वेंटवर्थ याने वारसाचा प्रश्न लावून धरला, तेव्हा त्याला 1593 मध्ये टॉवरच्या तुरुंगात टाकलं गेलं आणि तिथेच त्याचा अंत झाला. सभागृहात जे विचारता येत नव्हतं, ते रंगभूमीवर जुन्या राजांच्या तोंडून विचारलं जात होतं. ‘हेन्री सहावा’च्या तिसऱ्या भागात यॉर्क सरळ सिंहासनावर जाऊन बसतो, आणि गादीवरचा राजा मनातल्या मनात कबूल करतो की आपला हक्क लंगडा आहे. राजाच्या तोंडी असा कबुलीजबाब भर दुपारी, चव्हाट्यावर, पेनी देऊन उभ्याने नाटक पाहणाऱ्या गर्दीला ऐकायला मिळत होता.

ती गर्दी स्वतःही दर्जाच्या चढाओढीत सापडली होती. विल्यम हॅरिसनने 1577 मध्ये इंग्लंडचं वर्णन लिहिताना समाजाच्या चार पायऱ्या सांगितल्या: जंटलमन, शहरांतले नागरिक, स्वतःची जमीन कसणारे योमन, आणि सर्वांत खाली कारागीर व मजूर. त्याच दमात त्याने नोंदवलं की ज्याला अंगमेहनत न करता राहता येतं आणि जंटलमनचा थाट पेलता येतो, त्याला कुलचिन्हांचा कारभार पाहणारे हेराल्ड पैसे घेऊन कुलचिन्ह देतात. पायरी जन्माने ठरते असं सगळे म्हणत आणि ती विकत मिळते हे सगळ्यांना ठाऊक होतं. या फटीतूनच नाटककारांना विषय मिळाला.

शेक्सपिअर याच फटीतून वर चढला. त्याचे वडील जॉन स्ट्रॅटफर्डमध्ये हातमोजे बनवत. 1568 मध्ये ते गावाचे प्रमुखही झाले होते. ऑक्टोबर 1596 मध्ये त्यांच्या नावे कुलचिन्ह मंजूर झालं आणि बापलेक जंटलमन ठरले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शेक्सपिअरचा एकुलता मुलगा हॅम्नेट वारला होता. किताब हाती आला तेव्हा तो पुढे चालवणारा मुलगा उरला नव्हता. 1602 मध्ये राल्फ ब्रूक या हेराल्डने तक्रार केली की लायकी नसलेल्यांना कुलचिन्हं वाटली जात आहेत, आणि त्या यादीत शेक्सपिअरच्या कुलचिन्हाचं रेखाटन होतं. खाली शेरा होता, शेक्सपिअर नट. या एका शब्दात सगळी हेटाळणी भरली होती. बेन जॉन्सनच्या 1599 च्या ‘एव्हरी मॅन आऊट ऑफ हिज ह्यूमर’ या नाटकातला सोग्लियार्डो हा गावंढळ तीस पौंड मोजून कुलचिन्ह घेतो. त्यावर डुक्कर असतं, आणि त्याला मोहरीवरून बोधवाक्य सुचवलं जातं. शेक्सपिअरच्या ‘हक्काविना नाही’ अशा अर्थाच्या बोधवाक्याला हा टोला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. हे नाटक रंगमंचावर आणलं शेक्सपिअरच्याच मंडळीने.

नट या शब्दात हेटाळणी का होती, हे 1572 च्या कायद्यातून कळतं. बॅरन किंवा त्याहून मोठ्या उमरावाचा आश्रय नसलेले नट त्या कायद्याने भटक्या, उनाड लोकांत मोजले जात. म्हणून मंडळ्यांची नावंच लॉर्ड चेंबरलेनची माणसं, लॉर्ड ॲडमिरलची माणसं अशी. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणतं कापड अंगावर घालावं, याचे राजाज्ञांत बारकावे ठरलेले होते. पण मेलेल्या उमरावांचे भरजरी कपडे त्यांच्या नोकरांकडून नटांपर्यंत पोचत, असं 1599 मध्ये लंडनला आलेला स्विस प्रवासी थॉमस प्लॅटर लिहून ठेवतो. रस्त्यावर ज्याला रेशीम वर्ज्य, तो रंगमंचावर राजा. प्रेक्षकांना हे माहीत होतं. त्यामुळे दर्जाचा प्रश्न नटाने तोंड उघडण्याआधीच त्याच्या अंगरख्यातून सुरू होत असे.

ख्रिस्तोफर मार्लोने याचा सर्वांत धीट उपयोग केला. त्याच्या ‘टॅम्बरलेन’मधला मेंढपाळ पहिल्याच अंकात मेंढपाळाची वस्त्रं फेकून चिलखत चढवतो. जन्माने मेंढपाळ, कर्तृत्वाने सरदार, हा त्याचा उघड पवित्रा. नाटकात इराणचा दुबळा राजा मायसेटीस लढाईच्या धामधुमीत आपला मुकुट खड्ड्यात लपवायला निघतो. टॅम्बरलेन त्याला पकडतो, मुकुट हातात घेतो आणि तू शिपायांच्या गराड्यात असशील तेव्हा डोक्यावरून ओढून नेईन म्हणून परत देतो. हक्काने मिळालेला मुकुट ज्याला सांभाळता येत नाही आणि ज्याला तो हवा तेव्हा उचलता येतो, असे दोघं समोरासमोर उभे राहतात. मार्लोच्याच ‘एडवर्ड दुसरा’मध्ये राजा लाडक्या गॅव्हेस्टनवर पहिल्याच प्रवेशात किताबांची खैरात करतो: मुख्य चेंबरलेन, मुख्य सचिव, कॉर्नवॉलचा अर्ल, आयल ऑफ मॅनचा राजा. यातला सर्वांत लहान किताबही याच्याहून मोठ्या घरातल्या माणसाला पुरला असता, असं राजाचा भाऊच म्हणतो. नाटकभर पेटत राहणाऱ्या उमरावांच्या वैरात या चार किताबांनी तेल ओतलं जातं.

तळातल्या माणसाने किताब घेतला की काय होतं, हे ‘हेन्री सहावा’च्या दुसऱ्या भागातल्या जॅक केडमध्ये दिसतं. 1450 च्या खऱ्या बंडाचा हा पुढारी. समोर नाइट लढायला आला आहे, तर बरोबरी हवी म्हणून केड स्वतःच गुडघे टेकतो आणि स्वतःलाच सर जॉन मॉर्टिमर म्हणून उठवतो. प्रेक्षक खळखळून हसत असणार. लंडन हाती आल्यावर तो फर्मान काढतो की यापुढे मला लॉर्ड मॉर्टिमरशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारणं हा राजद्रोह. तेवढ्यात एक शिपाई जॅक केडच्या नावाने ओरडत धावत येतो. केड त्याला तिथेच ठार करवतो. हसू गळ्यात अडकतं. खऱ्या राजांनीही नावासाठी माणसं मारलीच होती. नाव घेणं आणि त्यासाठी मारणं यांतलं अंतर केडने काही क्षणांवर आणलं.

‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला मॅल्व्होलिओ कोणाचा जीव घेत नाही, पण भूक तीच. घरचा हा कारभारी मालकिणीशी लग्न करून काउंट व्हायची स्वप्नं पाहतो, मखमली झग्यात बसून नातेवाइकांना दटावण्याची तालीम करतो, आणि खोट्या पत्राला भुलून पिवळे मोजे घालून तिच्यापुढे जातो. 2 फेब्रुवारी 1602 रोजी मिडल टेंपल या लंडनच्या कायदेशाळेत हे नाटक पाहणाऱ्या जॉन मॅनिंगहॅम या कायद्याच्या विद्यार्थ्याने रोजनिशीत ज्या खोडीचं कौतुक केलं, ती हीच. मिडल टेंपलमधली बहुतेक तरुण मंडळी दर्जाच्या शिडीवरच उभी होती. त्यांचं हसणं आणि त्यांची धास्ती वेगळी काढता येत नाही.

किताबांची सर्वांत लांब यादी ‘हेन्री सहावा’च्या पहिल्या भागात येते. इंग्रज सेनापती टॅल्बट पडला आहे आणि सर विल्यम लूसी त्याचे एकामागून एक किताब उच्चारत त्याची चौकशी करतो. जोन ऑफ आर्क उत्तर देते की ज्याला एवढ्या पदव्यांनी फुगवता आहात, तो इथे माशा घोंगावणारं प्रेत होऊन पडला आहे. यादी छोटी केली की जोनच्या उत्तराचा घाव बसत नाही. लूसीची ओळ न् ओळ ऐकणाऱ्याला थकवायलाच हवी.

‘हेन्री पाचवा’ संपता संपता फ्रेंच राजाने तहाची इतर सगळी कलमं मान्य केलेली असतात, अडलेलं असतं एकच: पत्रव्यवहारात त्याने हेन्रीला फ्रान्सचा वारस म्हणावं. ॲजिनकोर्टची लढाई जिंकली तरी हे अक्षर मिळेपर्यंत विजय पुरा होत नाही. नाटक 1599 चं. इंग्लंडचं फ्रान्समधलं शेवटचं ठाणं कॅले 1558 मध्येच गेलं होतं, तरी एलिझाबेथ स्वतःला फ्रान्सची राणी म्हणवत होती, आणि इंग्लंडच्या राजांनी तो किताब 1801 पर्यंत सोडला नाही. तो प्रवेश पाहणाऱ्या लंडनकरांना पोकळ किताब म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

मराठी रंगभूमीचं शेक्सपिअरशी नातं जुनं आहे. आगरकरांचं ‘विकारविलसित’ 1883 चं, तर शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं. ‘मॅक्बेथ’ एलिझाबेथनंतरचं असलं, तरी त्याची सगळी घडण किताबांवर उभी आहे: चेटकिणी ग्लॅमिस, कॉडॉर आणि राजा अशा तीन पायऱ्यांनी त्याला हाक मारतात आणि तो त्या हाकांच्या मागे चालत सुटतो. असं नाटक मराठीत आणणाऱ्याला फार सायास पडू नयेत. वतन, जहागीर, गादी, मुजरा, मानाचं पान, अरेतुरे, या शब्दांमागे मराठी प्रेक्षकाची पिढ्यानपिढ्यांची जाण आहे. सरदाराने मुजरा अर्धा केला तर काय बिनसलं, हे मराठी प्रेक्षकाला विंगेतून समजावून द्यावं लागत नाही. म्हणूनच तालमीच्या टेबलावर संहिता घेऊन बसणाऱ्यांना एक मागणं आहे. काटछाट करण्याआधी प्रत्येक प्रवेशात कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो आणि कोणाची हाक बदलते, याची नोंद करावी, आणि कात्री त्या जागा सोडून चालवावी. नटांनाही प्रत्येक किताब नुसता उरकून न टाकता कोणी दिला, कोण मानत नाही, हे मनात ठेवून उच्चारायला सांगावं.