मी वाटलेल्या अकरा फांद्या परत हव्या आहेत



गेल्या सहा वर्षांत माझ्या अंगणातल्या एका झाडाच्या फांद्या मी अकोटातल्या अकरा घरी दिल्या. त्या परत मागण्यासाठी हे पत्रक काढतो आहे. श्रावण तोंडावर आलाय, म्हणून घाई.

झाड देखणं आहे. पुरुषभर उंच, हाताच्या पंजाएवढी पानं आणि वीतभराहून लांब, पिवळसर शेंदरी फुलं. सगळी फुलं खाली तोंड करून लोंबतात आणि दिवेलागणीला असा वास सुटतो की रस्त्यानं जाणारा थबकतो. सेवानिवृत्त शिक्षकांच्या सहलीत उटीला गेलो होतो, तिथल्या एका कुंपणातून मी फांदी मागून आणली. विहिरीच्या सावलीला, मोरीच्या पाण्यावर लावली. आपल्या वैशाखात ती पानं टाकून मेल्यासारखी होते आणि मिरगाचा पाऊस पडला की पुन्हा भरून येते. येणारा-जाणारा म्हणायचा, "मास्तर, एक फांदी मले द्या न." फांदी खोचली की लागते, द्यायला काय जातं? नाव विचारलं तर मी ऐटीत 'एंजल्स ट्रम्पेट' म्हणायचो, देवदूताची तुतारी. हा धोतऱ्याचा सख्खा चुलत भाऊ आहे, एवढं एक वाक्य मात्र सांगायचं राहून जायचं. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाचं राहून जायचं, हे लिहिताना लाज वाटते.

तीन आठवड्यांपूर्वी पावसाआधी मी त्या झाडाची छाटणी केली. उकाडा मरणाचा होता. घाम डोळ्यात उतरला तसा मनगटानं उजवा डोळा पुसला. हातांना चिकट रस होता, तो नुसत्या पाण्यानं धुतला. सकाळी दाढी करायला आरशासमोर बसलो तर उजव्या डोळ्याची बाहुली एवढी मोठी झालेली की भोवतीचा तपकिरी रंगच दिसेना. डावी बाहुली होती तशीच. त्या डोळ्यानं वर्तमानपत्राची अक्षरं फिसकटलेली दिसायला लागली. घरच्यांना वाटलं, लकवा. मुलानं गाडी काढली आणि अकोला गाठलं. मेंदूचा सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघालं नाही. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत बाहुली आकसणारे थेंब घातले. डावी आकसून टाचणीच्या डोक्याएवढी झाली, उजवी ढिम्म हलली नाही. त्यांनी विचारलं, "काका, काल बागेत कोणतं झाड हाताळलं?"

लकवा नव्हता, झाडाचा रस होता. बाहुली ठिकाणावर यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मला माझ्या डोळ्याची चिंता नव्हती. त्या अकरा घरांपैकी निदान चार घरी रांगती लेकरं आहेत, हे आठवत होतं.

आता शाळेत सांगायला हवं होतं ते सांगतो. धोतरा आणि हे उलट्या फुलांचं झाड वांगं-मिरची-टमाट्याच्याच कुळातली आहेत. दोन्हींत तीच विषं असतात: ॲट्रोपीन, हायोसायमीन, स्कोपोलामीन. पान, फूल, बी, मूळ, देठातला रस, कुठलाच भाग निर्धोक नाही. फरक ओळखायचा तर धोतऱ्याचं फूल आभाळाकडे तोंड करतं आणि त्याला काटेरी बोंड येतं, याचं फूल जमिनीकडे बघतं आणि झाडाला लाकडी खोड असतं. ॲट्रोपीन हे औषधही आहे. आपल्या कापसाच्या मुलखात फवारणीची विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात हेच इंजेक्शन देतात आणि त्यानं जीव वाचतात. पण तिथं डॉक्टर थेंब मोजून देतो. झाड मोजत नाही. एकाच झाडाच्या दोन पानांतही विष सारखं असेल याची खात्री नाही.

धोतरा आपल्याला नवा नाही. उकिरड्यावर, पडक्या वाड्यात, नरनाळ्याच्या वाटेवर तो पहिल्यापासून आहे. जुन्या वैद्यकानं सात उपविषं सांगितली, त्यांत धोतरा, रुई, कण्हेर, गुंज आणि कळलावी ही आपल्या बांधावरची पाच मंडळी बसली आहेत. आजही औषधांच्या कायद्यात विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे आणि त्यात यांची नावं आहेत. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण धोतऱ्याचं फूल महादेवाला वाहून आली की आधी हात राखेनं घासायची आणि मगच पिठाला हात लावायची. धोतऱ्याची जागा अंगणाबाहेर, हे तिला ठाऊक होतं. आपण मात्र त्याच्या भावंडाला कुंडीत घालून खिडकीखाली आणून ठेवलं, कारण तो इंग्रजी नावानं आला.

आणि तो एकटा आला नाही. पोपटखेड रस्त्याकडच्या नव्या वस्त्यांतून सकाळी फिरताना मी मुद्दाम बघत गेलो. फाटकाशी कण्हेर जवळजवळ घरटी आहे. उन्हात टिकते, पाणी मागत नाही आणि शेळी तोंड लावत नाही. शेळी का तोंड लावत नाही, हे आपण तिला कधी विचारलं नाही. हमरस्त्याच्या दुभाजकांत कण्हेर लावतात ते याच गुणामुळे. तिच्याजवळ पिवळी बिट्टी. तिच्या बिया घेऊन आम्ही लहानपणी खेळलो आणि नशिबानं वाचलो. कण्हेर आणि बिट्टी थेट हृदयावर चालतात. गच्चीवरचं जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं अडेनियमही त्याच कुळातलं, आफ्रिकेत बाणांना लावायचं विष त्याच्यापासून करत. दिवाणखान्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचं डिफेनबेकिया असतं. त्याचं पान चावलं तर सुईसारखे बारीक स्फटिक जिभेत घुसतात, जीभ-घसा सुजून बोलणं बंद होतं.

शेताच्या कुंपणाला चंद्रज्योत आहेच, कोणी तिला रतनज्योत म्हणतात, कोणी मोगली एरंड. डिझेल मिळणार म्हणून वीस वर्षांपूर्वी सरकारनंच तिचा गाजावाजा केला होता. डिझेल राहिलं बाजूला, झाडं राहिली. तिची बी सोलली की आतला गर शेंगदाण्यासारखा लागतो. म्हणून शाळा सुटल्यावर एक पोट्टं खातं आणि बाकीच्यांनाही वाटतं. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन अख्ख्या वर्गाला उलट्या-जुलाब, ही बातमी विदर्भात इतक्यांदा येते की आपण ती वाचून पान उलटतो.

कण्हेरीची गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण श्रावणात ती कामाची आहे. 2024च्या एप्रिलमध्ये केरळात एक तरुण परिचारिका नोकरीसाठी इंग्लंडला निघाली होती. निघण्याआधी अंगणात फोनवर बोलता बोलता तिनं सहज अरळीचं, म्हणजे कण्हेरीचं, पान-फूल चावलं. विमानतळावर कोसळली आणि पुढे दवाखान्यात दगावली. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी अरळीच्या विषाचा संशय सांगितला. पुढच्याच महिन्यात तिथल्या मोठ्या देवस्वम मंडळांनी नैवेद्यात आणि प्रसादात अरळीची फुलं वापरायची नाहीत असं ठरवलं.

आपल्याकडे आता श्रावणी सोमवार येतील. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी निघतील, तिसऱ्या सोमवारी अर्धं अकोट धारगडला जाईल. मग हरतालिका, मग गणपती. एकवीस पत्रींत धोतरा आहे, रुई आहे, कण्हेर आहे. कोणाच्या पूजेत हात घालायचा माझा विचार नाही, माझ्या घरीही पत्री वाहतात. महादेवानं हलाहल गळ्यात धरलं, आपल्याला ते साधणार नाही, एवढंच लक्षात ठेवा. पत्री तोडायला लेकरांना पाठवू नका, स्वतः जा. पत्रीचं ताट वेगळं आणि प्रसादाचं वेगळं ठेवा. कण्हेरीचं फूल पेढ्यावर किंवा पंचामृतात पडू देऊ नका. हात साबणानं धुवा, मगच डोळ्याला, तोंडाला, कणकेला लावा. निर्माल्य गुरांपुढे टाकू नका.

पावसाळ्यात रानभाजी खुडताना कोवळा धोतरा तांदुळजा-माठाच्या जुडीत येऊ शकतो. निवडताना ज्या पानाबद्दल शंका आली ते फेका, भाजी थोडी कमी होईल. सोयाबीन काढणाऱ्यांनाही एक विनंती. 2019 मध्ये युगांडात मदत म्हणून वाटलेल्या मका-सोयाच्या पिठातून धोतऱ्याचं विष पोटात गेलं, तीनशेच्या वर माणसं आजारी पडली, पाच दगावली. शेतातला धोतरा बोंडं धरायच्या आत उपटा. मळणीनंतर चाळणी मारणं हा उशिराचा उपाय आहे.

एवढं करूनही कोणी खाल्लंच तर काय, ते नीट वाचा.

धोतरा किंवा माझं ते झाड पोटात गेलं की तोंड कोरडं पडतं, अंग तापतं पण घाम येत नाही, चेहरा लाल होतो, बाहुल्या फाकतात, छाती धडधडते, लघवी अडते. मग माणूस बरळायला लागतो. नसलेल्या माणसाशी बोलतो, हवेतून काहीतरी वेचतो, अंगावरचे कपडे ओढतो. बघणाऱ्याला वाटतं, अंगात आलं, बाहेरची बाधा झाली. इथंच आपल्या भागात वेळ जातो. मेळघाटाच्या पायथ्याच्या गावांत अजून पहिली धाव भूमकाकडे किंवा मांत्रिकाकडे असते. माझं हात जोडून सांगणं आहे, ही बाधा बोंडाची असू शकते. लिंबू उतरवायचं ते दवाखान्यातून आल्यावर उतरवा.

कण्हेर-बिट्टीचं उलट आहे. लेकरू उलटी करतं आणि मग काही वेळ बरं दिसतं. त्या बरं दिसण्यावर जाऊ नका. हृदयाचे ठोके नंतरही बिघडतात, म्हणून ईसीजी काढून दवाखान्यात नजरेखाली ठेवावंच लागतं. त्यावरचा खास उतारा महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे वेळेत पोचणं हाच खरा इलाज.

घशात बोटं घालू नका. मिठाचं पाणी, तूप, ताक काही पाजू नका, गुंगीतल्या लेकराच्या ते फुप्फुसात जातं. तोंडात उरलेला चोथा काढा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा. किती वाजता खाल्लं ते बघून ठेवा आणि त्या झाडाची पानाफुलांसकट फांदी पिशवीत घालून बरोबर न्या. नाव माहीत नसलं तरी फांदी डॉक्टरला बरंच सांगते. 108 ला फोन करा. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाला जायला इथून तास लागतो, म्हणून आधी अकोटच्याच सरकारी दवाखान्यात दाखवा, पुढं कुठं न्यायचं ते डॉक्टर सांगतील. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे, तिथं दिवसरात्र फोनवर सल्ला मिळतो: 1800 116 117.

सगळी झाडं तोडा असं मी म्हणत नाही. कण्हेर तोडत बसलो तर गावात फूल उरणार नाही. पण घरात चालतं लेकरू असेल तर विषारी कुंडी त्याच्या हाताबाहेर हलवा, शाळा-अंगणवाडीच्या आवारातून चंद्रज्योत आणि बिट्टी काढा, छाटलेली कण्हेर चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका. रोपवाटिकावाल्या मित्रांनो, रोप विकताना विषारी आहे एवढं तोंडानं सांगा, त्यानं गिऱ्हाईक पळत नाही. मी सांगितलं नाही, म्हणून आज दारोदार फिरतोय.

माझं झाड मी काढलं. हातमोजे घातले, डोळ्याला चष्मा लावला, मुळासकट उपटून खड्ड्यात पुरलं. अकरांपैकी सात घरं सापडली. त्यातल्या पाच जणांनी झाड काढू दिलं. दोघांनी ठेवलं, पण त्यांच्याकडे लहान कोणी नाही आणि त्यांना सगळं समजावलंय. उरलेल्या चौघांची नावं मला आठवत नाहीत. एक बाई हिवरखेड रस्त्याकडून आल्या होत्या, कडेवर मुलगी होती, फांदी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. त्यांनी किंवा त्यांच्या शेजाऱ्यांनी हे वाचलं तर पहिल्या श्रावणी सोमवारच्या आत नरसिंग महाराज मंदिराजवळच्या कुठल्याही जुन्या दुकानात विज्ञानाच्या मास्तरांसाठी निरोप ठेवावा. हातमोजे आणि कुदळ घेऊन मी स्वतः येतो.