कुंपणाची किंमत कोणी द्यायची?

१९ जुलै २०२४ रोजी जगातील सुमारे ८५ लाख संगणक अकस्मात बंद पडले. परदेशांतील अनेक रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. हा कोणा शत्रुराष्ट्राचा घाला नव्हता, की कोणा चोराचा उपद्व्यापही नव्हता. या संगणकांच्या रक्षणासाठी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीची आज्ञावली त्यांत बसविलेली होती, आणि त्याच कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलचा हा प्रताप होता. कुंपणानेच शेत खावे, तसे हे झाले.

मूळ चूक क्षुल्लक होती. आज्ञावलीला २१ मूल्यांची अपेक्षा होती. तिला पुरविली गेली २०. एकविसाव्या मूल्याच्या शोधात तिने संगणकाच्या स्मृतीत नको तेथे हात घातला आणि ती कोसळली. अशा चुका संगणकाच्या व्यवहारात नित्याच्याच आहेत. पत्रे टंकलिखित करण्याचा प्रोग्रॅम कोसळला, तर तेवढाच बंद पडतो. शेजारच्या प्रोग्रॅमला त्याची झळ लागत नाही, कारण दोहोंमध्ये भिंत असते. परंतु क्राउडस्ट्राइकची आज्ञावली विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे ‘कर्नेल’मध्ये, वावरत होती. तेथे भिंत नाही. गाभ्यातील एक घटक कोसळला की सारा संगणक कोसळतो. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. तथापि बंद पडलेले बहुसंख्य संगणक माणसांना एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले.

भिंतींची ही आवश्यकता काही नव्याने उमगलेली नाही. साठच्या दशकात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेल्या ‘मल्टिक्स’ या प्रकल्पात अधिकारांची एकात एक वर्तुळे आखलेली होती. १९७५ साली साल्ट्झर आणि श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी त्यामागील तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले : प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच, किमान अधिकार असावा. २००८ साली आलेल्या क्रोम ब्राउझरने संकेतस्थळे दाखविणारा भाग स्वतंत्र बंदिस्त कप्प्यात ठेवला, तोही याच तत्त्वानुसार. तत्त्व सर्वमान्य असूनही आचरणात ते मागे का पडते?

याचे उत्तर तंत्रशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. भिंत फुकट उभी राहत नाही. ती वेग खाते, स्मृती खाते, आणि ती बांधणाऱ्या तंत्रज्ञांचे श्रमही खाते. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष उघडकीस आले, तेव्हा प्रोसेसर बनविणाऱ्यांनी वेगाच्या हव्यासापायी भिंतींतच फटी ठेवल्याचे दिसून आले. त्या बुजविताना काही कामांचा वेग घटला. वेगाचा लाभ विक्रेत्याच्या पदरात लगेच पडतो. भिंत नसल्याचा तोटा मात्र पुढे केव्हातरी आणि बहुधा तिसऱ्यालाच सोसावा लागतो. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडावे आणि आजार खालच्या गावाने भोगावा, त्यातलाच हा प्रकार. डेल्टा या विमान कंपनीला सुमारे ७,००० उड्डाणे रद्द करावी लागली, आणि ५० कोटी डॉलरच्या हानीचा दावा घेऊन तिला न्यायालयात जावे लागले. ज्यांचा प्रवास हुकला, त्या सामान्य प्रवाशांनी कोणाच्या दारात जावे?

यावर एक आक्षेप संभवतो. पहारेकऱ्याला सर्व दालनांत प्रवेश नसेल, तर त्याने चोर पकडावा कसा? आक्षेप अगदीच निराधार नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्यांना स्वतःइतकाच प्रवेश देण्याचे वचन २००९ साली युरोपीय आयोगाला दिले असल्याने आपले हात बांधलेले होते, असा बचाव मायक्रोसॉफ्टच्या वतीने करण्यात आला. परंतु समान प्रवेश म्हणजे गाभ्यातच प्रवेश, असे थोडेच आहे? अ‍ॅपलने २०१९ पासून सुरक्षा-आज्ञावल्यांना गाभ्याबाहेर राहून पहारा करण्याची सोय केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही त्याच दिशेने जाण्याचे जाहीर केले. स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मालाला एकच कुंपण लावले, तर स्पर्धाही टिकते आणि सुरक्षितताही. वरातीमागून आलेले का होईना, हे घोडे आले हे बरे झाले.

त्या दिवशी भारतातील केवळ १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचे रिझर्व्ह बँकेने म्हटले होते, आणि त्याचे एक कारण असे सांगितले होते, की ही आज्ञावली वापरणाऱ्या बँकाच येथे थोड्या होत्या. तेव्हा ही आपली सिद्धता नव्हे. तो योगायोग होता. योगायोगावर देशाची देवघेव उभी करता येत नाही. सरकार, बँका आणि रेल्वे हे संगणक-सामग्रीचे मोठे ग्राहक आहेत. मोठ्या ग्राहकाने अट घातली, तर विक्रेत्याला ती ऐकावी लागते. आज्ञावलीला किमान अधिकार असावा, तिच्यातील बदल प्रथम थोड्या संगणकांवर पारखून मगच सर्वत्र जावा, आणि दोषामुळे झालेल्या हानीचा वाटा विक्रेत्याने उचलावा, अशा तीन अटी खरेदीच्या करारात घालण्यास नवा कायदा लागत नाही. किंमत थोडी वाढेल, हे खरे. पण ती किंमत आजही दिली जातच आहे. फरक एवढाच, की आज ती देणाऱ्याला कोणी विचारलेले नाही.