वाचलेला वेळ कुणासाठी?

सेवाग्राम आश्रमात येणारा माणूस बापू कुटी पाहतो, गांधीजींची बैठक पाहतो, चरखा पाहतो आणि परततो. जवळच्या दफ्तराकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही. तिथे साप पकडण्याची साधने ठेवलेली आहेत आणि एक टेलिफोन आहे. सरकारला गांधीजींशी तातडीने बोलण्याची गरज वारंवार पडू लागली, म्हणून सेवाग्रामसारख्या आडगावात तो फोन आला. पण तो दफ्तरातच राहिला. जिथे गांधीजी बसत, लिहीत, माणसांना भेटत, त्या बैठकीजवळ त्याला जागा मिळाली नाही. ‘वेळच पुरत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने बैठक आणि फोन यांच्यामधली ती चार पावले एकदा चालून पाहावीत.

आपला फोन उशाशी असतो. डोळे उघडताच हात तिकडे जातो. वेळ बघायला उचललेला फोन खाली ठेवेपर्यंत चहा निवलेला असतो. रिचार्जबरोबर रोजचा दीड-दोन जीबी डेटा मिळतो. तो रात्री बारापर्यंत संपवला नाही तर फुकट जाईल, या हिशेबाने झोप बाजूला सारून रील बघणारी माणसे प्रत्येक घरात आहेत. डेटा फुकट जाऊ नये म्हणून रात्र फुकट जाते. वर्ध्यात खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांचे तर फारच वाईट वाटते. आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडच्या गावांतून ती येतात. घरून पैसे येतात ते कापूस विकून, कधी उसनवारी करून. मूल सकाळी अभ्यासिकेत जाऊन बसते, पुस्तक उघडते आणि पुस्तकाच्या पोटात फोन ठेवते. या मुलांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. दिवसभर खुर्चीत बसून त्यांची पाठ खरोखरच दुखते, फक्त पान पुढे सरकत नाही.

अशा मुलांना वडीलधारे सांगतात, ‘मन घट्ट कर.’ हा सल्ला सगळ्यांत निरुपयोगी आहे. स्वतः गांधीजी नुसत्या मनाच्या घट्टपणावर विसंबले नाहीत. त्यांनी दिवसाची बांधणीच अशी केली होती की वेळ गळायला फट राहू नये. पहाटेची प्रार्थना ठरलेल्या वेळी, संध्याकाळची ठरलेल्या वेळी. कमरेला घड्याळ. सोमवारी मौन, काही सांगायचेच असेल तर चिठ्ठीवर. भेटायला येणाऱ्यांना फिरण्याची वेळ दिली जाई, म्हणजे पाय चालत आणि बोलणेही होई. सूत रोज कातायचेच. साबरमतीच्या आश्रमात सायंप्रार्थनेची हजेरी घेताना ज्याने त्याने त्या दिवशी किती सूत कातले तेही सांगायचे, असा रिवाज होता. कुणी रागवायचे नाही, दंड नाही. आपला आकडा आपल्याच तोंडाने चारचौघांत उच्चारायचा, एवढेच.

हा शेवटचा उपाय आजही घरोघरी करता येईल. स्क्रीनवर किती वेळ गेला याचा आकडा फोनच दाखवतो. रात्री जेवायला बसल्यावर घरातल्या प्रत्येकाने तो मोठ्याने सांगावा. पहिला आकडा बापाने सांगावा, कारण मुलांना फोन सोडायला सांगणारा बाप बहुतेक घरांत स्वतःच फोनवर असतो. आणि रात्री सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. पहाटेच्या गजरासाठी साधे घड्याळ बाजारात मिळते.

इथे एक गल्लत होण्याचा धोका आहे, आणि ती हल्ली फार होते. वेळेचा जास्तीत जास्त उपयोग शिकवणारी पुस्तके आणि शिबिरे माणसाला एक क्षणही रिकामे बसू देत नाहीत. सेवाग्रामची शिस्त तशी नव्हती. गांधीजी दुपारी झोप घेत, पोटावर मातीची पट्टी ठेवून स्वस्थ पडत. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा दुपारी माणसाने आडवे होऊ नये तर काय करावे? संध्याकाळी पारावर चार माणसे बसतात, मयतीच्या घरी आपण तासभर काही न बोलता बसून राहतो, सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यात नातवाचा लाकडी बैल धरून आजोबांची अख्खी दुपार जाते. यातले काहीच वाया गेलेले नाही. विसावा आणि वाया जाणे यांतला फरक उठताना कळतो. पारावरून उठलेला माणूस हलका झालेला असतो. तासभर रील बघून उठलेला माणूस जास्तच शिणलेला असतो.

मग वेळ वाचवायचा तो कशासाठी? याचे उत्तर आश्रमाच्या आवारातच, परचुरे शास्त्रींच्या कुटीत आहे. शास्त्री संस्कृतचे पंडित होते. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी त्यांचा संबंध आला होता. त्यांना कुष्ठरोग झाला आणि 1939 मध्ये ते सेवाग्रामला आले. त्या काळात या रोगाला लोक किती घाबरत, हे आज नीट कल्पनेतही येणार नाही. गांधीजींनी त्यांना आवारात झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश करायला सुरुवात केली. वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, व्हाइसरॉयशी बोलणी सुरू होती. पुढच्या वर्षी पवनारहून विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. देशभरातली माणसे भेटीसाठी ताटकळत होती. आणि हा माणूस सकाळी एका रोग्याच्या जखमा पाहत होता, त्याला तेल लावत होता. इतर ठिकाणी मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला म्हणून इथे घाई करावी लागली नाही. वाचलेल्या वेळात अजून एक लेख, अजून एक बैठक बसवता आली असती. तो वेळ परचुरे शास्त्रींना मिळाला.

सवयी मोडण्याचे आपले निश्चय चार दिवसांत ढेपाळतात, त्याचे एक कारण मला इथे दिसते. सुटलेला तास कुणाला द्यायचा हे आपण ठरवलेलेच नसते. आईचे गुडघे दुखतात, तिला तेल लावून द्यायचे आहे. मुलीचे गणित अडले आहे. बांधावरची बोर, बाभूळ तोडायची राहिली आहे. असे एक ठरलेले गिऱ्हाईक त्या तासाला असेल तर तो पुन्हा फोनकडे जात नाही.

आणि आता त्या नासाडीबद्दल, जी कोणताच फोन मोजत नाही. आपण स्वतःचा वेळ घालवतो त्याहून कितीतरी जास्त वेळ आपण दुसऱ्यांचा घालवतो. आष्टीकडच्या गावातला माणूस एका दाखल्यासाठी मजुरी बुडवून एसटीने वर्ध्याला येतो आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या’ हे ऐकून परततो. कापसाच्या हंगामात खरेदीच्या आवारात गाड्यांची रांग लागते. भाड्याच्या ट्रॅक्टरचा मीटर चालूच राहतो. अकराच्या कार्यक्रमाला दहापासून शाळेची मुले उन्हात आणून बसवतात. पाहुणे साडेबाराला येतात. मग मंचावरच्या प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ, मग प्रास्ताविक. तोवर मागच्या रांगेतल्या मुलीला घेरी येते आणि बाई तिला सावलीत नेऊन पाणी पाजतात. त्या मैदानावर पाचशे मुले असतील तर दीड तास उशीर म्हणजे साडेसातशे तास. ते एका माणसाने घालवलेले असतात, आणि त्याचाच सत्कार होतो.

इतर जिल्ह्यांनी काय करायचे ते करावे. वर्ध्याने तरी हे थांबवलेच पाहिजे. 2 ऑक्टोबर आणि 30 जानेवारीला, 15 नोव्हेंबरच्या विनोबांच्या पुण्यतिथीला या जिल्ह्यात ठिकठिकाणी कार्यक्रम होतात. संस्था, शाळा, सरकारी कार्यालये, सगळ्यांनी मिळून एक ठराव करावा: पत्रिकेवर छापलेल्या मिनिटाला प्रार्थना सुरू होईल, मग मंचावर कुणी असो वा नसो. सत्कार नाहीत. उशिरा आलेल्या पाहुण्यांना मागच्या रांगेत, मुलांच्या शेजारी जागा द्यावी; भाषणाची त्यांची वेळ निघून गेली असेल तर भाषण होणार नाही, आणि ही अट निमंत्रणाच्या पत्रातच लिहून कळवावी.