दोन तोंडांची पद्मिनी

आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षे नंबर लावून १९७८ साली घेतलेली पद्मिनी अजून आमच्या निगडीच्या घरापुढे उभी आहे. जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, चार सिलिंडर, १०८९ सीसी आणि स्वभाव सोशिक. यंदा तिचा सायलेन्सर सडला. चाकणला मोटारींच्या कारखान्यात असलेला भाचा म्हणाला, "मामा, नवा बसवताच आहात, तर दोन नळ्यांचा बसवा. आवाज कसा भारदस्त येईल!" खोटे कशाला सांगू, मलाही मोह पडला.

भोसरीच्या मिस्त्रींनी गाडीखाली डोके घालून निकाल दिला, "सर, आठ सिलिंडरच्या इंजिनात चार-चारांच्या दोन रांगा असतात. रांगेला एक नळी, म्हणून तिथे दोन. हिची रांगच एक. शेपटाला दोन तोंडे पाडली तरी जोर तेवढाच; वाढेल तो गोंगाट." शिवाय १९८८ च्या मोटार कायद्याचे कलम ५२ आहेच. मूळ रचनेत मनमानी फेरफार त्याला खपत नाहीत.

तरी माझे मन घुटमळत होते. घरी आईला सांगितले. तिची दृष्टी आता अधू झाली आहे. ती म्हणाली, "आवाज बदलेल का रे? मग तू आलास हे मला कळायचं कसं?"

या आवाजावर तिने आधी वडिलांसाठी आणि नंतर माझ्यासाठी चहाचे आधण ठेवले आहे.

मिस्त्रींनी जुन्याच मापाची एकच नळी बसवली. संध्याकाळी फाटकाशी गाडी थांबवून आत आलो, तर आधण उकळत होते.