विश्लेषण : ‘एसजीपीटी’ नॉर्मल, तरीही ‘कावीळ ब’ धोकादायक का?

रक्तदान केल्यावर रक्तपेढीतून फोन येतो आणि ‘हेपटायटिस बी पॉझिटिव्ह’ असल्याचे कळते. अनेकांना या संसर्गाचा पत्ता असाच अचानक लागतो. ‘मला तर कधी कावीळ झालीच नाही,’ असे ते म्हणतात आणि ते खरेही असते. मराठीत या आजाराचे नाव ‘कावीळ ब’, पण दीर्घकालीन संसर्गात डोळे पिवळे होतीलच असे नाही. वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना हा संसर्ग होता. त्यांपैकी सुमारे २.९८ कोटी भारतातील आहेत.

तैवानच्या अभ्यासात काय आढळले?

तैवानमध्ये १९९१-९२ पासून ३० ते ६५ वयोगटातील ३,६५३ बाधितांचा सरासरी ११ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. या काळात १६४ जणांना यकृताचा कर्करोग झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष डोळे उघडणारे होते. सुरुवातीच्या तपासणीत ज्यांच्या रक्तात मिलिलिटरमागे विषाणूच्या ३०० पेक्षा कमी प्रती होत्या, त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण १.३ टक्के राहिले. दहा लाख किंवा त्याहून अधिक प्रती असलेल्यांत ते १४.९ टक्के होते. ‘एसजीपीटी’ नॉर्मल आणि सिरोसिस नसलेल्यांतही हा संबंध दिसला. (या अभ्यासाचे प्रमुख चेन चिएन-जेन पुढे तैवानचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.)

म्हणजेच ‘तुम्ही फक्त कॅरिअर आहात, काळजी करू नका’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवणे पुरेसे नाही.

मग प्रत्येकाला औषध लागते का?

नाही. विषाणूचे प्रमाण, यकृताची स्थिती, वय आणि कुटुंबातील कर्करोगाचा इतिहास पाहून डॉक्टर ते ठरवतात. मात्र २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचारांचे निकष बरेच सैल केले, त्यामुळे पूर्वी ‘थांबा आणि पाहा’ गटात असलेले अनेक जण आता उपचारांच्या कक्षेत आले आहेत. टेनोफोव्हिरसारखी गोळी विषाणू दाबून ठेवते, पण सहसा तो शरीरातून काढून टाकत नाही. त्यामुळे ती बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावी लागते आणि मनाने बंद करणे धोक्याचे ठरते. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून सरकारी केंद्रांवर तपासणी व औषधे मोफत आहेत. अडचण आहे ती तिथवर पोहोचण्याची, कारण काहीच दुखत नसताना तपासणीला कोण जाणार?

जन्मानंतरचे २४ तास महत्त्वाचे का?

प्रौढपणी संसर्ग झाला तर तो कायमचा राहण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते. प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला झाला तर ती सुमारे ९० टक्के असते. म्हणून पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. सहाव्या आठवड्यातील पेंटाव्हॅलंट लस त्याची जागा घेऊ शकत नाही. तैवानने १९८४ मध्ये नवजातांचे लसीकरण सुरू केले. त्यानंतर ६ ते १४ वयोगटातील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दशकभरात लाखामागे ०.७० वरून ०.३६ पर्यंत उतरले.

घरात एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला की ताट-पेला वेगळा करण्याची घाई होते. एकत्र जेवल्याने हा विषाणू पसरत नाही. त्याऐवजी आई, भावंडे, जोडीदार आणि मुलांची रक्ततपासणी करून घ्यावी. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही झालेली नाही, त्यांना लस देता येते.