सामुराईला कुणी धर्म विचारत नाही

वाकोल्याच्या गल्ल्यांत आज मोबाइलवर तलवारी चालतात. मशिदीमागची, गावदेवीकडची, चर्चजवळची पोरं एकत्र बसून जपानी योद्धे होतात. त्या सामुराईचा धर्म कोणता, हे त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटत नाही. हीच पोरं मराठ्यांच्या इतिहासाकडे वळली की मात्र पहिला प्रश्न धर्माचा येतो आणि मशिदीमागच्या पोराची भूमिका त्याच्या नावावरून ठरते. माझं भांडण या ठरवण्याशी आहे.

सामुराईंच्या खेळांची परंपरा जुनी आहे. १९८९ साली ‘मायक्रोप्रोज’ या अमेरिकी कंपनीने ‘सॉर्ड ऑफ द सामुराई’ नावाचा खेळ काढला. आजच्या पोरांना त्याची चित्रं बघून हसू येईल. पण खेळाची रचना पाहा. तुम्ही सोळाव्या शतकातल्या जपानचे एक साधे सरदार. जमीन थोडी, शिपाई मोजके. वर तुमचा धनी आणि बाजूला त्याच धन्याची चाकरी करणारे तुमच्यासारखेच इतर सरदार. पहिली स्पर्धा त्यांच्याशीच. कधी एकट्याने द्वंद्व लढायचं, कधी नकाशावर फौज मांडायची. लग्न करायचं, कारण वारस नसेल तर तुमच्या मरणाबरोबर घराणंही संपतं आणि खेळही. प्रतिस्पर्ध्याच्या घरची माणसं पळवून ओलीस ठेवता येतात, मारेकरी होऊन त्याचा काटाही काढता येतो. पण पकडले गेलात तर अब्रू जाते आणि अब्रू गेलेल्या सरदाराला वर चढता येत नाही.

म्हणजे खेळ तुम्हाला सतत एकच सवाल विचारतो : सत्तेसाठी किती खाली उतराल? तो सवाल माणसाला आहे, जमातीला नाही. म्हणून वाकोल्यातला कुणीही पोरगा त्या जागी बसू शकतो.

आता आपल्या दख्खनकडे या. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला लढाई झाली. एका बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला, मुसलमान झालेला हबशी. त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढत होते. समोर मुघल आणि आदिलशाही यांची एकत्र फौज. शरीफजी त्या लढाईत पडले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव त्या काळात मुघलांकडे होते. पुढे ते निजामशाहीकडे परतले आणि १६२९ साली देवगिरीवर त्याच दरबारात त्यांचा खून झाला. शहाजीराजे मुघलांकडे गेले, तिथूनही बाहेर पडले. त्यांनी निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार केला. शेवटी १६३६ साली माहुलीच्या किल्ल्यावर त्यांना शरण जावं लागलं आणि ते आदिलशाहीच्या चाकरीत गेले. हा माहुली दूर नाही, आसनगावला लोकलमधून उतरलं की समोर दिसतो.

यात सासरे-जावई वेगवेगळ्या झेंड्यांखाली आहेत. बालराजा आहे, दगा आहे, निष्ठा आहे, खून आहे. सामुराईच्या खेळात आणखी काय असतं? पण या कहाणीत हिंदूंचा संघ आणि मुसलमानांचा संघ शोधायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. भातवडीला दोन्हीकडे मुसलमान सत्ता आहेत आणि दोन्हीकडे मराठे.

तरीही आपल्याला क्रिकेटच्या सामन्यासारखे दोनच संघ हवे असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला. संभाजीराजांचे झालेले हाल खरे आहेत, ते पाहून कुणाचंही मन हलेल. माझंही हललं. पण थिएटरातून बाहेर पडलेल्या संतापाला तीनशे वर्षांपूर्वी मेलेला बादशाह पुरला नाही. १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल उसळली, त्यात एका माणसाचा जीव गेला. लोकांच्या भावना चित्रपटामुळे भडकल्याचं खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. त्याआधी जून २०२३ मध्ये कोल्हापूर मोबाइलवरच्या स्टेटसवरून पेटलं होतं. इतिहासाचा दोन संघांचा सामना केला, की हरलेल्या संघाचे खेळाडू म्हणून शेजारच्या गल्लीतली माणसं सापडतात.

यावर आपल्याकडची, म्हणजे मुसलमानांकडची दोन उत्तरं मला सारखीच खटकतात.

पहिलं उत्तर काही तरुणांचं : समोरचे शिव्या देतात ना, मग औरंगजेब आमचा, लावा स्टेटस. अरे, तो तुमचा कधी झाला? त्याने १६८६ साली विजापूर बुडवलं, १६८७ साली गोवळकोंडा. दोन्ही मुसलमानांची राज्यं होती. दख्खनी भाषा, इथल्या मशिदी, दर्गे ज्या दरबारांच्या सावलीत वाढले, ते दरबार त्याने संपवले. दख्खनच्या मुसलमानाला त्याच्यावर प्रेम करण्याचं कारण काय? समोरच्याने दिलेली खलनायकाची जागा तुम्ही हौसेने घेता, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं उत्तर सभ्य लोकांचं. ते यादी काढतात : शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, वकील म्हणून काझी हैदर होता, पानिपतावर इब्राहिमखान गारदी होता. सगळं खरं आहे. पण प्रत्येक वेळी ही यादी पुढे करणं म्हणजे नाक्यावर अडवल्यावर खिशातून आधार कार्ड काढून दाखवण्यासारखं आहे. कार्ड दाखवणाऱ्याने अडवणाऱ्याचा अधिकार आधीच मान्य केलेला असतो. दौलतखान आरमारात होता, कारण त्याला समुद्र कळत होता. त्याला आपल्या वतीने साक्षीला उभं करणं हा त्याच्या कर्तबगारीचाही अपमान आहे.

कुणी म्हणेल, जपानचं कौतुक पुरे. तिथेही धर्माच्या नावाने छळ झालाच. झाला. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, १६३७-३८ मध्ये शिमाबाराचं बंड चिरडलं गेलं. सामुराईच्या शौर्याचा गौरव विसाव्या शतकात जपानी लष्कराने लोकांना युद्धात लोटण्यासाठी वापरला, हेही खरं. आणि ज्या शेतकऱ्याच्या भातावर सामुराई पोसला जायचा, तो शेतकरी या खेळांत जवळपास दिसत नाही. मी त्या खेळाला इतिहासाचं पुस्तक म्हणत नाही. त्याची एकच गोष्ट मला हवी आहे : तो खेळणाऱ्याला सरदाराच्या जागी बसवतो आणि निर्णयाचं ओझं त्याच्या खांद्यावर देतो. ज्याने एकदा धनी बदलायचा की नाही हे ठरवलं, त्याला ‘गद्दार’ आणि ‘देशभक्त’ हे शब्द इतक्या सहज वापरता येत नाहीत.

हे आपल्याकडे होऊ शकतं. २००९ साली ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात मराठ्यांची सत्ता खेळायला मिळाली. तो खेळ इंग्लंडमधल्या कंपनीने केला आणि याच मालिकेची सुरुवात २००० साली सामुराईंवरच्या ‘शोगुन’ने झाली होती. पुण्यातल्या मंडळींनी ‘राजी’ हा खेळ करून २०२० साली जगापुढे ठेवला, म्हणजे हातही आहेत. पण ‘राजी’त शत्रू राक्षस आहेत. पुराणकथेत ते शोभतं. इतिहासात राक्षस नसतात, सरदार असतात.

मला भातवडीचा खेळ हवा आहे. त्यात गावदेवीकडच्या पोराने मलिक अंबर व्हावं आणि मशिदीमागच्या पोराने शहाजीराजे. बालराजाला वाचवायचं की माहुली सोडून शरण जायचं, यावर दोघांनी रात्री उशिरापर्यंत भांडावं. ते भांडण खरंखुरं इतिहासाचं असेल. आज आपण जे भांडतो, त्याला इतिहासाचं नुसतं निमित्त आहे.